दत्तूची मोटार सिनेमात जाते

"काल संध्याकाळपर्यंत झकास चालत होती, मिस्त्री."

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात माझी सगळी उमेदीची वर्षं गेली आणि दर हिवाळ्यात सकाळी सकाळी हे वाक्य मी ऐकत आलो. वकील आले तरी हेच, गुळाचे अडते आले तरी हेच, टॅक्सीवाले आले तरी हेच. जणू काही मीच कुणाला म्हणालो होतो की तुमची गाडी काल बिघडलेली होती. मला मनातून सांगावंसं वाटायचं की बाबा रे, कालची गाडी काल चालली, आजचं बोल. पण गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक. मी आपला हातातला चहा खाली ठेवून पान्ह्यांची पिशवी खांद्याला लावायचो आणि निघायचो.

माझे वडील शाळामास्तर. मुलाने मोटारीखाली झोपून पोट भरावं हे त्यांना अखेरपर्यंत पटलं नाही. मात्र कुठलीही गोष्ट पहिल्यापासून समजावून सांगायची खोड मला त्यांच्याकडूनच आली. तेव्हा आधी थोडं समजावतो.

कोल्हापूरला कसली आलीय थंडी, असं बाहेरचे पाहुणे हसून म्हणतात. आमच्याकडे बर्फ पडत नाही हे खरं. पण मी सांगतोय ते सत्तरच्या आसपासचे दिवस. पौष लागला, उसाच्या फडांवरून वारा सुटला की पहाटे हातातला पान्हा बोटांना चावायचा. त्या वेळच्या मोटारींना एवढी थंडी पुष्कळ होती. मोटार चालू होणं म्हणजे चूल पेटवण्यासारखंच असतं. चुलीला लाकूड, फुंकर आणि काडी लागते, मोटारीला पेट्रोल, हवा आणि ठिणगी. थंडीत या तिन्हींचं बिनसतं. पेट्रोलची वाफ धरत नाही. इंजिनातलं ऑइल काकवीसारखं घट्ट होतं. बॅटरीचं अवसान निम्म्यावर येतं, त्यामुळे सेल्फ मारला की गाडी नुसती कण्हते. यावर उपाय म्हणून चोक दिलेला असतो. तो ओढला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं. आमचे लोक चोक ओढायचे आणि ओढूनच ठेवायचे. मग प्लग पेट्रोलने न्हाऊन निघायचे आणि ओल्या लाकडाला काडी लावावी तशी गत व्हायची.

आणि गाडी चालू होत नाही म्हटल्यावर कोल्हापुरात पहिली हाक मिस्त्रीला जात नसे, ती तालमीत जायची. पहाटे तालमीत दहा-बारा पोरं जोर-बैठका मारत असायचीच. एका अडत्याने असंच पोरांना बोलावलं. पोरांनी लंगोटावर पंचा गुंडाळला, 'जय बजरंग' म्हटलं आणि मोटार गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. चालू काही झाली नाही. मी गेलो तेव्हा शेठ आत बसलेले होते. म्हणाले, "मिस्त्री, गिअर जरा जड वाटतोय." मी खाली बघितलं तर हँडब्रेक पुरता ओढलेला. मागची चाकं एकदाही फिरली नव्हती, गल्लीभर रबराचे काळे पट्टे उठले होते. पोरांना मी हे सांगितलं तर त्यातला एक म्हणाला, "तरीच. मला वाटलं, आज खुराक कमी पडला." अशा लोकांत माझी उमेदीची वर्षं गेली आणि मला त्याचा जराही पस्तावा नाही.

पण माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत मला प्यारा होता तो दत्तू.

दत्तू गवळ्याचा पोरगा. रंकाळा तलावाच्या अलीकडे त्यांचा गोठा. दत्तूचे वडील, म्हणजे आबा, पहाटे म्हशी घेऊन कट्ट्यावर यायचे आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात द्यायचे. आमच्याकडे दूध असंच पितात. सहा फूट उंची, डोक्याला गुलाबी फेटा, आवाज असा की या काठावरून त्या काठावरच्या म्हशीला हाक मारावी. अशा माणसाच्या थोरल्या मुलाने दोन दुभत्या म्हशी विकल्या आणि काळी, फुगीर पाठीची जुनी मोटार घेऊन टॅक्सीचा धंदा काढला. गोठ्यात जणू मयतच झालं. आबांनी मोटारीचं नाव टाकलं. ते तिला 'तुझं डबडं' म्हणायचे, आणि तिच्यात एकदाही बसले नव्हते. गडमुडशिंगीला लेकीकडे जायचं तर चालत स्टँडवर जाऊन एसटी धरायचे, पण पोराच्या मोटारीत पाय घालायचे नाहीत.

"म्हस दावणीला उभी ऱ्हायली तरी सकाळी दूध देती," ते दत्तूला म्हणायचे. "तुझं डबडं सकाळी काय देतंय? नुसता धूर. शिमग्यापतूर बघतो. न्हाय जमलं तर ते इकायचं आणि गुमान म्हशी आणायच्या."

दत्तू वडिलांसमोर बोलायचा नाही. माझ्या दुकानात येऊन बसायचा आणि मोटारीच्या पाठीवरून हात फिरवायचा. मोटारीला तो म्हशीसारखाच वागवायचा, दुसरी कुठली तऱ्हा त्याला माहितीच नव्हती. संध्याकाळी धुणार, पुसणार, सणाला गोंडे बांधणार. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून मिरवतात, शिंगं रंगवतात, अंगाला तेल चोळून चकाकी आणतात. दत्तूने त्या वर्षी म्हशींबरोबर मोटारही मिरवली होती. सर्व्हिसिंग करताना मी काय करतो हे तो उकिडवा बसून टक लावून बघायचा. मला ते आवडायचं.

आणि त्या पौषात दत्तूचं नशीब उघडलं. गावात सिनेमाचं शूटिंग चाललेलं. दिग्दर्शकाला रंकाळ्याच्या रस्त्यावर पहाटेच्या धुक्यातून येणारी टॅक्सी हवी होती. मागे नायिका बसलेली, सासर कायमचं सोडून निघालेली. दत्तूची मोटार त्यांना पसंत पडली आणि चालवायलाही दत्तूच, कारण त्याच्या मिशा दिग्दर्शकाला आवडल्या. दत्तूने ही बातमी गावभर केली. आबांनाही सांगितलं.

"आबा, उद्या पहाटं या. माझी मोटार सिनेमात चाललीया."

"धारा झाल्या की येतो," आबा म्हणाले. "बघतो तर खरं, काय करतंय तुझं डबडं."

दत्तूने मला त्या संध्याकाळी एवढंच सांगितलं की, मिस्त्री, उद्या आबांसमोर ही उभी ऱ्हायली तर माझं टॅक्सीचं सपलं. मी म्हटलं, घाबरू नकोस, गाडी ठणठणीत आहे. होतीच. मीच परवा बघितली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी दत्तूचा धाकटा भाऊ सायकलवरून माझ्या दारात आला. मोटार दत्तूने आदल्या संध्याकाळीच शूटिंगच्या जागी नेऊन उभी केली होती, रात्रभर आत झोपला होता, आणि आता ती चालू होत नव्हती.

मी पोचलो तेव्हा रंकाळा दिसतच नव्हता. नुसतं पांढरं. धुक्यात शेकोटी पेटलेली, तिच्याभोवती शालीत गुंडाळलेली नायिका, कॅमेरावाले, आणि निम्मं कोल्हापूर. मोटारीवर दव धरून पांढुरकी छटा आली होती. दत्तू कोरा शर्ट घालून, केस तेलाने चापून, चेहरा पाडून उभा. त्याच्या डोक्यावरच्या खोबरेल तेलाचा वास चार हातांवरून येत होता.

"काल संध्याकाळपतूर—" दत्तूने सुरुवात केली.

"माहीत आहे," मी म्हटलं.

सेल्फ मारला. गाडी कण्हली. थंडी म्हटलं की पहिला संशय बॅटरीवर, म्हणून मी हँडल काढलं, पुढून घातलं आणि घुमवलं. इंजिन जडच फिरत होतं, पण फिरत होतं. एकदाही ठसका नाही. मग प्लग काढले. ते पेट्रोलने ओले, कारण दत्तूने चोक ओढून तासभर सेल्फ मारला होता. ते शेकोटीवर तापवले. थंडीत ही जुनी युक्ती फार चालते, गरम प्लग पटकन बसवून हँडल मारलं की गाडी बहुतेक बोलते. ही बोलली नाही. मग प्लगची वायर इंजिनाच्या लोखंडाजवळ धरून ठिणगी बघितली, तर ठिणगीच नाही. आता निदान आजार कळला. काडीच पेटत नव्हती.

तोवर सल्ले सुरू झाले होते. आमच्या गावात मोटार बंद पडली की बघणारा प्रत्येक जण मिस्त्री होतो. "पेट्रोल हाय का बघा." "हवा काढा." "हवा भरा." एक जण म्हणाला, "पैला नारळ फोडा, मग बगा."

आणि मग धुक्यातून आबा आले. हातात दुधाची कॅन, मागे कट्ट्यावरचे त्यांचे दोन दोस्त. आबांनी मोटारीला एक फेरी मारली, अगदी बाजारात जनावर बघतात तशी.

"काय मिस्त्री," ते म्हणाले, "आटली का काय?"

सगळे हसले. दत्तू हसला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला तो काच पुसायला लागला. मला त्याची फार दया आली आणि थोडा आबांचा रागही आला.

दिग्दर्शक माझ्याजवळ आले. भला माणूस होता, पण त्याचाही जीव टांगणीला लागलेला. "मिस्त्री, ऊन आलं की माझं धुकं संपलं. तुम्हाला अजून किती वेळ?"

"सांगता येत नाही," मी म्हटलं. "ठिणगी नाही. दवाने ओल गेली असेल. एकेक बघावं लागेल."

"मग मी दुसरी टॅक्सी बोलावतो. माझा इलाज नाही."

हे दत्तूने ऐकलं, आणि आबांनीही ऐकलं. दत्तू काच पुसायचा थांबला. मी डिस्ट्रिब्यूटरच्या, म्हणजे चारही प्लगना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या डब्याच्या वायरी घाईघाईने पुसत होतो. आतल्या पॉइंटपर्यंत पोचलो नव्हतो. तेवढ्यात आबांचा आवाज आला.

"वो पावणं," ते दिग्दर्शकांना म्हणाले, "तुमच्या शिनेमात आवाज आत्ता घेता का मागनं?"

"आवाज नंतर घालतो आम्ही. का?"

"मग तिला चालू करून काय करायचं हाय? फुडं गेली म्हंजे झालं न्हवं?"

दिग्दर्शकांनी वळून कॅमेऱ्याकडे बघितलं. कॅमेरा समोरून तिरका लावलेला. मोटारीची मागची बाजू तशीही धुक्यातच राहणार होती.

आबांनी कॅन खाली ठेवली आणि धोतराचा काचा मारला. "दत्त्या, बस आत. स्टेरिंग धर."

"आबा, तुमी ढकलनार?"

"मग काय म्हशी लावू? बस म्हटलं की. आनि तोंड वर ठेव. रडक्या तोंडानं शिनेमात जाऊ नगं."

दत्तू बसला. नायिका मागे बसली. मी घाईत बॉनेट लावलं. मागे आबा, त्यांचे दोन दोस्त आणि मी. आबा मला म्हणाले, "मिस्त्री, वाकून. डोसकं वर काढू नगा," आणि त्यांनी खांदा लावला. तो म्हातारा खांदा मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. ज्या मोटारीला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं, तिला त्यांनी छातीच भिडवली होती. मला एकदम गहिवरून आलं, पण दम इतका लागला होता की गहिवरायला फुरसत नव्हती.

मोटार धुक्यातून सरकू लागली, एकदम मऊ, बिनआवाजाची. दिग्दर्शक हातवारे करत होते. आणि मधेच डिकीवरचा माझा पंजा सटकला. मी पुन्हा हात टेकला, तो पुन्हा सटकला. दवाने हात ओला होतो, असा बुळबुळीत होत नाही. मी तळहात बघितला तर त्यावर लोण्यासारखं पांढरं काही लागलं होतं, आणि हाताच्या उबेने त्याचं बघता बघता तेल झालं. मी हात नाकाला लावला.

शॉट संपला. दिग्दर्शक टाळ्या वाजवत होते. मी धावत दत्तूच्या खिडकीशी गेलो.

"दत्तू, हे खोबरेल तेल तुझ्या डोक्याचं नव्हे. गाडीला काय केलंस?"

"चोळलं की काल," दत्तू म्हणाला. "म्हशीला करडईचं चालतंय. ही शिनेमात जानार, म्हनून बायकोचं खोबरेल कोमट केलं आनि सगळीकडं चोळलं. चकाकी आल्ती बगा लई."

"सगळीकडे म्हणजे? आत?"

"आत बी. तुमी त्या डब्यात तेलाचा थेंब सोडता न्हवं? मी बघितलंय. मी बी सोडलं."

"एक थेंब?"

"थेंबानं काय हुतंय, मिस्त्री? वाटीभर सोडलं."

मी तिथेच रस्त्यावर बसलो आणि हसत सुटलो. डब्याचं झाकण काढून टॉर्चचा उजेड मारला. आतल्या दोन पॉइंटच्या मधे खोबरेल थिजून पांढरं झालेलं. हे पॉइंट उघडमीट करतात तेव्हा ठिणगी पडते, ते एकमेकांना टेकतच नव्हते. संध्याकाळी तेल कोमट होतं, वाहत होतं. दत्तूने गाडी गरम असताना आणून लावली, मग वरून तेल सोडलं, आणि पहाटेपर्यंत ते गोठलं. एवढा वेळ ज्याला मी दव समजत होतो तेही खोबरेलच, आणि ज्याला दत्तूच्या डोक्याचा वास समजत होतो तो मोटारीचाच वास. नारळ फोडा म्हणणाऱ्या त्या माणसाला मी हाक मारून सांगितलं की बाबा, नारळ तिच्या पोटात आधीच गेलाय.

पेट्रोलचा बोळा फिरवला, कोरं फडकं ओढलं, पॉलिश पेपर घासला, झाकण लावलं. दत्तूला म्हटलं, आता मार. त्याने सेल्फ मारला आणि मोटार एका हाकेत बोलली. धूर आला तोही नारळाच्या बर्फीचा वास घेऊन. गर्दीने शिट्ट्या मारल्या. दिग्दर्शकांनी चालत्या मोटारीचाही एक शॉट घेतला, पण तोवर धुकं विरून पलीकडचा काठ दिसायला लागला होता.

आबांनी कॅन उचलली. दत्तू मोटार हळूहळू त्यांच्या शेजारून घेत म्हणाला, "आबा, बसताय न्हवं?"

"माझ्यासंगं कॅन हाय."

"ठेवा की शीटवर."

आबांनी दार उघडलं, आधी कॅन बसवली, मग स्वतः बसले, फेटा छताला लागला म्हणून मान तिरकी केली आणि म्हणाले, "हाक."

आता माझे हात पान्हा धरत नाहीत. हल्लीच्या मोटारी पौषातही किल्लीला बोलतात, आणि बोलल्या नाहीत तर त्यांना कॉम्प्युटर लावतात. पहाटे मला कुणी उठवायला येत नाही. खरं सांगायचं तर मला याचं वाईट वाटतं. थंडी पडली की मी आपोआप जागा होतो आणि सायकलची घंटा वाजते का ऐकत पडून राहतो.

पुढे तो सिनेमा कोल्हापुरात लागला तेव्हा दत्तूने सगळी गल्ली नेली. मला आबांच्या शेजारची खुर्ची मिळाली. नायिकेने सासर सोडलं, पडद्यावर पांढरं धुकं पसरलं, आणि त्यातून मोटार आली. सिनेमात ठेवलेला शॉट ढकललेल्या मोटारीचाच होता. इंजिनाचा आवाज इतका सुरेख घातला होता की मलाच क्षणभर खरा वाटला. दत्तू तोंड वर करून, मिशा रोखून स्टेअरिंगवर. आणि त्याच्यामागे, मोटारीच्या टपाच्या वर, धुक्यात, एका फेट्याचा तुरा डुलत होता. आम्हाला डोकी खाली म्हणून सांगणाऱ्या आबांना स्वतःची उंची आवरली नव्हती.

पुढून कुणीतरी म्हणालं, "मागं काय हललं रं ते?"

आबा उठून उभे राहिले. मागचे लोक खाली बसा म्हणून ओरडले, ते बसले नाहीत.

"त्यो माझा फेटा हाय," ते त्यांच्या त्या आवाजात म्हणाले. "चालीवतोय त्यो माझा पोरगा. आनि मोटार आमची हाय."

दत्तू दोन खुर्च्या सोडून बसला होता. अंधारात मला त्याचा चेहरा दिसला नाही. पण तो उठला, आमच्या पायांवरून धडपडत आबांपर्यंत आला, आणि त्यांना हाताला धरून हळूच खाली बसवलं. नायिकेचं पुढे काय झालं, ते आमच्या रांगेत कुणालाच सांगता येणार नाही.